निकाल विचारायचा कोणी?

चेन्नईच्या सी-डॅक केंद्राने घडवलेली ‘बॉस’ ही संगणकप्रणाली २००७मध्ये आली. भारतीय भाषांत काम व्हावे आणि सरकारी कचेऱ्यांची परवाना शुल्कातून सुटका व्हावी, हा तिचा हेतू मोलाचाच. मात्र ती डेबियन या लिनक्स प्रणालीवर बेतलेली आहे. मेनू मराठीत आले किंवा तमिळमध्ये, प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, सुरू होते आणि संपते ती लिनक्सच्याच नियमाने. तो नियम तिच्यावर चालणारे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी पाळायला हवा.

प्रोसेस संपली की कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, तिची मेमरी मोकळी करतो, उघड्या फायली बंद करतो. तिचा क्रमांक आणि काम फत्ते झाले की फसले हे सांगणारा आकडा तेवढा राखून ठेवतो. ‘फोर्क’ करून जिने तिला जन्म दिला, त्या पालक प्रोसेसने ‘वेट’ करून हा निकाल विचारावा, अशी अपेक्षा असते. तोवर ‘पीएस’ या आज्ञेने मिळणाऱ्या प्रोसेसच्या यादीत तिच्यासमोर ‘झेड’ हे अक्षर आणि ‘डिफंक्ट’ हा शेरा दिसत राहतो. हीच झोंबी प्रोसेस. कर्नलचे हे थांबणे योग्यच आहे. निकाल परस्पर फेकून दिला, तर काम फसल्याचे पालकाला कळणार कसे?

पालक कधीच विचारत नसेल, तर अशा ओळी साचतात. त्या मेमरी फारशी अडवत नाहीत, क्रमांक अडवतात. लिनक्सची जुनी मर्यादा ३२,७६८ची. ६४ बिटच्या यंत्रांवर ती बरीच वाढवता येते. पण क्रमांक संपले की साधी आज्ञाही चालेनाशी होते. मग घाईघाईने झोंबीला सक्तीने थांबवायला ‘किल -९’ दिले जाते. तिच्यावर त्याचा काहीच परिणाम होत नाही, कारण ती आधीच संपलेली असते. थांबवायचा तो पालक, आणि तोही आधी ‘सिगटर्म’ या संकेताने, म्हणजे हातातले काम आवरायला त्याला सवड मिळते. पालक गेला की पोरक्या प्रोसेस सहसा क्रमांक १च्या ‘इनिट’कडे जातात, तो निकाल वाचून नोंद मिटवतो.

कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्राम वेगळा ठेवून चालवण्याच्या कप्प्यात, मात्र क्रमांक १वर बहुधा आपलाच प्रोग्राम बसलेला असतो, आणि ही जबाबदारी त्याच्या गावीही नसते. म्हणूनच सरकारी सॉफ्टवेअर ताब्यात घेताना ते दोन-चार दिवस सलग चालवून ‘झेड’च्या ओळी वाढतात का, हे तपासावे. वाढत असतील, तर बिल मंजूर करण्याआधी ते दुरुस्तीला परत पाठवावे.