गोदामाचा कोबा व इपॉक्सीचा लेप

जालना ही बियाण्यांची पेठ. त्यामुळें गोदामाच्या कोब्यास इपॉक्सीचा लेप द्यावा कीं काय, हा प्रश्न जांब समर्थच्या शेतकऱ्यापुढेंही येतो. लेपानें धूळ उडत नाहीं, सांडलेलें तेल मुरत नाहीं, हें खरें. परंतु आमच्या मतें रंग व दर विचारण्यापूर्वीं ओल पाहावी. काळ्या मातींतील ओल कोब्यांतून वर चढते व लेपास फोड आणिते. दीड फूट चौरस प्लास्टिकचा कागद चारी कडांनीं कोब्यास चिकटवून १६ तास ठेवावा. खालीं दंव दिसल्यास काम थांबवावें. (ठेकेदार हें आपण होऊन क्वचितच सांगेल!) नवा कोबा २८ दिवसांचा झाल्याविना लेप लावूं नये. उघड्या खळ्यास तर तो नकोच. उन्हानें पिवळा पडतो. आणि लेप दिला तरी बियाण्याच्या थैल्या लाकडी फळ्यांवरच रचाव्या.