घोंगडीच्या लोकरीला वाली कोण?

सोलापूरचे नाव निघाले की चादरीची आठवण व्हावी हे स्वाभाविक आहे. १८७७ मध्ये येथे कापडगिरणी सुरू झाली आणि सुताने या शहराचे भवितव्य घडविले. परंतु याच जिल्ह्यातील सांगोला, मंगळवेढा यांसारख्या अवर्षणग्रस्त भागांत गिरण्यांच्या कितीतरी आधीपासून घोंगडी विणली जात आहे. धनगरांनी मेंढ्या राखाव्यात, स्त्रियांनी लोकर कातावी, सनगरांनी ती खड्डामागावर विणून चिंचोक्याच्या खळीने घट्ट करावी, अशी ही परंपरागत व्यवस्था. आज ती मोडकळीस आली आहे.

मेंढ्या नाहीशा झाल्या हे त्याचे कारण नव्हे. २०१९ च्या पशुगणनेत राज्यात सुमारे २७ लाख मेंढ्या आढळल्या. नाहीशी झाली ती लोकरीची किंमत. मेंढीच्या आरोग्यासाठी कातरणी टळत नाही; पण लोकर विकून कातरणीची मजुरीही सुटत नाही. साहजिकच मेंढपाळाने मांसाचा हिशेब धरला. अंगाने थोराड, पण लोकरीला बेताचे असे माडग्याळ जातीचे नर कळपांत आले आणि काळ्या, दाट लोकरीचे दख्खनी वाण विरळ होऊ लागले.

यात शासकीय दृष्टीचाही वाटा आहे. दख्खनी लोकर जाडीभरडी म्हणून ती ‘सुधारण्या’साठी मेरिनो, राम्बुले अशा परदेशी नरांशी संकराचे प्रयोग झाले. स्वेटरला लागते तीच खरी लोकर, हे त्यामागील गृहीत. वस्तुतः भरडपणा हाच या लोकरीचा गुण होय. भर पावसात कळप राखणाऱ्याला स्वेटर काय कामाचा? त्याला घोंगडीच हवी. जाजमे व नमदे यांनाही हीच लोकर चालते.

मेंढपाळाने तोटा सोसून वारसा जपावा, असा उपदेश करणे अन्यायाचे ठरेल. मांस आणि लोकर यांत वैर नाही. एकच मेंढी दोन्ही देते. राज्याचे मेंढी व शेळी विकास महामंडळ १९७८ पासून अस्तित्वात आहे. सांगोला तालुक्यात महूद येथे त्याचे प्रक्षेत्रही आहे. तेथे जातिवंत दख्खनी नरांची पैदास, रंग व प्रत पाहून हमीभावाने लोकरखरेदी आणि सूतकताईस यंत्रांची जोड, एवढे तरी अशक्य नाही. आश्रमशाळा व वसतिगृहांनी घोंगड्या घेतल्यास विणकरांना निश्चित मागणी मिळेल. अनुभवी विणकर हयात आहेत तोवरच हे करणे शक्य आहे. विलंब झाला तर लोकर असूनही ती विणणारा कोणी उरणार नाही.