हजेरी कशाची – वेळेची की कामाची?

(द्वितीय वर्ष, कला)

संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने दिवसभरात किती काम केले, हे मोजणारी साधने आता निघाली आहेत. ज्या एडिटरमध्ये तो लिहितो, त्यालाच ती जोडतात. त्यांच्या दोन जाती. पहिली घड्याळावर चालते : ठराविक सेकंदांनी पाहायचे, एडिटर उघडा आहे काय? असेल, तर तेवढा वेळ जमा. दुसरी घटनेवर चालते : अक्षर उमटले, फाईल बदलली, जतन झाली, तरच नोंद. ‘वाकाटाइम’ हे साधन या दुसऱ्या जातीचे. दोन नोंदींतले अंतर ठरलेल्या मर्यादेत असेल, तर मधला वेळ कामाचा. त्याहून अधिक झाले, की तो वेळ बुडाला.

पुण्याला नोकरी करणाऱ्या चुलतभावाकडून हे ऐकल्यावर आमची आजी म्हणाली, “म्हंजी मस्टर आन् मोजमाप!” 1972 च्या दुष्काळात तिने माण तालुक्यात दुष्काळी कामावर खडी फोडली आहे. मस्टरावर नाव रोज लागे, पण पैसे फुटलेल्या खडीच्या ढिगाचे, ब्रासच्या हिशेबाने. संगणकवाल्यांचा वाद आपल्या मातीत किती जुना आहे, हे मला तेव्हा उमगले.

रोजगार हमीची कल्पना आपल्याच भागातली. वि. स. पागे यांनी 1965 साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग केला. 1972 मध्ये ती राज्याची योजना झाली. 1977 चा कायदा 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. या योजनेत हजेरीपट होता, पण मजुरी मुख्यतः मोजमापावर ठरे. खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली मोजायची. पण एवढ्यावर भागत नसे. माती मऊ की मुरूम की खडक, ती किती लांब वाहून नेली, किती उंच चढवली, यावर दर बदलत असे. म्हणजे नुसती घटना मोजायची नाही, तर तिच्यामागचे कष्टही जमेस धरायचे, हे तत्त्व दरसूचीत होते. संगणकाच्या साधनात नेमके हेच नाही. चार ओळी लिहिण्याआधी प्रोग्रॅमर अर्धा तास विचार करतो, तो वेळ त्याच्या खाती रिकामा पडतो. आजी म्हणते, दगड कुठं फुटंल ते आधी बघावं लागतं, मग घाव. ते बघणे काम नव्हे काय?

मग घड्याळ बरे, असे कोणी म्हणेल. त्याचाही अनुभव आपण घेतला आहे. 2005 च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याखालील कामांवर 1 जानेवारी 2023 पासून मोबाईलवर दिवसातून दोनदा फोटो काढून हजेरी लावण्याची सक्ती झाली. फोटो मजूर हजर असल्याचे सांगतो. खड्डा किती खोल गेला, हे सांगत नाही. आणि हजेरी तरी खरी लागली काय? जुलै 2025 मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाच्याच परिपत्रकात कामाशी संबंध नसलेले फोटो आणि फोटोचेच फोटो चढवले जात असल्याची नोंद आहे. लबाडाला घड्याळ फसवता येते. प्रामाणिक बाईची हजेरी मात्र मोबाईलला रेंज नसली तर अडते.

तरीही घड्याळाला सरसकट शत्रू मानणे चूक ठरेल. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी 1890 साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली; कामाच्या तासांवरची मर्यादाही घड्याळानेच दिली. शिवाय नुसत्या मोजमापाच्या मजुरीत म्हातारे माणूस आणि लेकुरवाळी बाई मागे पडते. म्हणून माझे मत असे : घड्याळ ‘आता पुरे’ सांगण्यासाठी असावे, कष्टाची किंमत ठरवण्यासाठी नव्हे. किंमत झालेल्या कामावरून ठरावी, पण खडकाचा दर मातीला आणि मातीचा खडकाला लावू नये. आणि मोजमाप ज्याचे, त्याच्या देखत व्हावे.

ही शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. टेप लावताना आजी शेजारी उभी राहू शके, आकड्यावर भांडू शके. पडद्यामागे चाललेल्या मोजणीशी भांडायचे कोणी आणि कसे? आपल्यापैकी कित्येकजण उद्या अशाच मोजणीखाली नोकरी करणार आहेत. ‘किती तास?’ या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी ‘तुम्ही काय मोजता, ते आम्हाला दाखवा’ असे म्हणण्याची सवय आपण आजपासूनच लावून घ्यायला नको काय?