अनुबोधपटांतील उजेड

हल्लीं मोबाईलच्या रूपानें चित्रणाचें यंत्र घरोघर आलें आहे. आणि गांवचा कुंभार, विणकर अथवा एखादी वृद्ध सुईण यांजवर लहानसा अनुबोधपट तयार करावा, अशी हौस विद्यार्थ्यांतही दिसूं लागली आहे. ही हौस स्तुत्य होय. परंतु यंत्र कोणतें घ्यावें याची जितकी चर्चा होते, तितकी उजेड कोणता घ्यावा याची होत नाहीं. आमच्या मतें अनुबोधपटाचा खरेपणा पुष्कळ अंशीं या दुसऱ्या प्रश्नावरच अवलंबून आहे.

याचें प्रसिद्ध उदाहरण म्हणजे रॉबर्ट फ्लाहर्टी यांचा ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ (१९२२) हा चित्रपट. कॅनडाच्या उत्तरेकडील इन्युइट लोकांचें जीवन त्यांत दाखविलें आहे. त्यांच्या बर्फाच्या घरांत कॅमेऱ्यास पुरेसा उजेड नव्हता व जागाही नव्हती. म्हणून मोठें घर मुद्दाम बांधवून त्याची एक बाजू मोकळी ठेवण्यांत आली, आणि त्या उघड्या घरांत कुटुंबानें निजण्या-उठण्याचा देखावा करून दाखविला. प्रेक्षकांस मात्र तें घर चहूंकडून बंद आहे असेंच वाटलें. फ्लाहर्टी यांस आम्ही फारसा दोष देत नाहीं. त्या काळच्या फिल्मवर मंद उजेडांत कांहींच उमटत नसे. आजच्या यंत्रास लहानशा दिव्यापाशींही चेहरा टिपतां येतो. त्यांची अडचण खरी होती. आपली तशी उरलेली नाहीं.

बाहेरच्या चित्रणास सूर्य पुरेसा आहे. सावेदादा भाटवडेकर यांनीं १८९९ सालीं मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्यें कुस्तीचें चित्रण केलें, तें त्याच्याच भरंवशावर. पण भर दुपारचें ऊन डोक्यावरून पडतें व डोळ्यांच्या खोबणी काळ्या दिसतात. यास्तव सकाळची किंवा उतरत्या उन्हाची वेळ साधावी. न साधल्यास माणसास ओसरीच्या अगर झाडाच्या सांवलींत बसवून एका बाजूस पांढरी चादर धरावी, म्हणजे परतलेला उजेड तोंडावर सौम्यपणें पडतो.

घरांत प्रथम खिडकी शोधावी. उन्हांत सुमारें १,००,००० लक्स उजेड असतो, तर घरांत बहुधा कांहीं शें लक्सच. म्हणून खिडकी पाठीशीं न ठेवतां बाजूस ठेवावी. दिवा लागलाच तर तो खिडकीच्याच अंगानें, पातळ कापडांतून अगर भिंतीवरून परतवून द्यावा. दिव्याचें अंतर दुप्पट केलें कीं उजेड चौथाई होतो, हें भौतिकशास्त्रांत शिकलेलें येथें उपयोगी पडतें. दिवसाचा उजेड सुमारें ५६०० केल्विनचा, तर जुन्या तारेच्या दिव्याचा ३००० च्या आसपास. दोन्ही एकत्र आल्यास अर्धा चेहरा निळसर व अर्धा पिंवळट दिसतो. म्हणून एकच जात निवडावी. शिवाय आपली वीज सेकंदास ५० आवर्तनांची असल्यानें कित्येक दिवे लुकलुकतात. कॅमेऱ्याचा शटर १/५० अथवा १/१०० सेकंदावर ठेवल्यास चित्रांत पट्टे सहसा येत नाहींत.

कोणी म्हणतील, चित्र उजळ व सुंदर दिसलें तर बिघडलें काय? बिघडतें तें असें. हातमागावर अंधाऱ्या खोलींत दिवसभर डोळे ताणणाऱ्या विणकराभोंवतीं आपण चार दिवे लावले, तर पाहणाऱ्यास ती खोली प्रशस्त व प्रकाशमान वाटेल, आणि त्याच्या डोळ्यांचा शीण चित्रांतून नाहींसा होईल. तो अंधार हीच त्याची साक्ष आहे. ती पुसण्याचा अधिकार आपणांस नाहीं. उलटपक्षीं, दारिद्र्य अधिक केविलवाणें दिसावें म्हणून असलेला उजेड मुद्दाम अडविणें हेंही असत्यच. शिवाय वृद्धाच्या डोळ्यांवर प्रखर झोत रोखला, तर तो आरोपीसारखा अवघडून बसतो व मनांतलें बोलत नाहीं.

तेव्हां आमचें सांगणें इतकेंच: घरधन्यास विचारून, त्याच्या घरीं उजेड जिकडून येतो तिकडूनच, तोंडावरील भाव दिसण्यापुरता एकच दिवा लावावा. शाळेंतील होतकरू चित्रणकारांनीं दिवा विकत घेण्यापूर्वीं ज्याचें चित्र घ्यावयाचें त्याच्या घरीं एक दिवस नुसतें बसावें, आणि तेथें ऊन केव्हां व कोठून येतें तें पाहावें. त्यानें पैसाही वांचेल, आणि त्या माणसाची ओळखही होईल.