जामिनाला सातबारा कुठून आणायचा?



घटनेच्या १४ व्या कलमात आहे, कायद्यापुढे सगळे समान. २१ व्या कलमात आहे, कायद्याच्या रीतीशिवाय कुणाचं स्वातंत्र्य काढून घेता येत नाही. शिबिरात आपण हे पाठ केलं. मग कोर्ट जामीन देतं आणि तरी आपला माणूस आतच राहतो, हे कसं?

मागच्या पावसाळ्यात आपल्या भागातल्या तिघांना फॉरेस्टच्या केसमध्ये धरलं. जामीन दुसऱ्याच दिवशी मंजूर झाला. पण जामीनदार पाहिजे, त्याचा सातबारा पाहिजे, ऐपतीचा दाखला पाहिजे. पाड्यावर सातबारा कुणाकडं? बापजाद्यापासून कसतो ती जमीन कागदावर फॉरेस्टची. म्हणजे जमीन नावावर नाही म्हणून केस, आणि जमीन नावावर नाही म्हणूनच सुटका नाही! तिघं वीस दिवस आत राहिले. लावणी बायांनी उरकली. कोर्टाबाहेर भाड्याचे जामीनदार बसलेले असतात, त्यांचे पैसे भरायला एकानं ऐन लावणीत बैल विकला. शेठचा पोरगा असता तर संध्याकाळी घरी जेवला असता.

वकील म्हणतात, कोर्टाची रीतच अशी. आम्हाला हे पटत नाही. १९७८ साली मध्य प्रदेशातल्या मोतीराम या गरीब गवंड्याची केस सुप्रीम कोर्टात गेली. खालच्या कोर्टानं दहा हजारांचा जामीनदार मागितला होता. भाऊ उभा राहिला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून नाकारला. सुप्रीम कोर्टानं हे चूक ठरवलं आणि एक हजाराच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितलं. पुढच्याच वर्षी बिहारच्या तुरुंगात खटल्याविना वर्षानुवर्षं सडणाऱ्या गरिबांनाही त्याच कोर्टानं जातमुचलक्यावर सोडवलं.

जातमुचलका म्हणजे तारखेला हजर राहीन अशी स्वतःची लेखी हमी. दुसरा जामीनदार लागत नाही. माणूस पळून जाईल का, एवढंच कोर्टानं बघायचं. घरदार, पोरंबाळं, उभं भात टाकून आपण पळणार कुठं?

तेव्हा कुणाला धरलं तर घरच्यांनी आधी भाड्याचा जामीनदार शोधू नये. वकिलाला सांगा, जातमुचलक्याचा अर्ज करा. वकील नसेल तर १९८७ च्या कायद्यानं आदिवासीला सरकारी खर्चानं वकील मिळतो, तो मागा. वकील कां-कूं करायला लागला तर मोतीराम केसचं नाव घ्या. माणूस इथलाच, पिढ्यानपिढ्याचा, असा गावाचा ठराव सह्या-अंगठ्यांनिशी अर्जाला जोडा. अर्ज नाकारला तर हुकमाची नक्कल काढून आमच्याकडं आणा, वरच्या कोर्टात जायला तीच लागेल.