खिडकीची सावली गेली म्हणून संगणक भंगारात काढायचा का?

आज राजकारण नाही, उसाचं बिल नाही, धरणाचं पाणी नाही. आज संगणकावर लिहितोय. शेवटपर्यंत वाचा, कारण हा विषयही आपल्या खिशाचाच आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबवले. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. आता सांगा, आपल्या दिंद्रुडच्या झेरॉक्सच्या दुकानात, शाळेत, फॉर्म भरायच्या सेंटरवर असली नवी मशीनं किती आहेत? म्हणून काही हुशार पोरांनी जुन्या मशीनवर लिनक्स टाकलं. फुकट आहे, व्हायरसची कटकट कमी, मशीन पळतंय. सगळे खूश.

मग एक दिवस नवी आवृत्ती आली, पोरांनी अपग्रेड केलं आणि गडबड सुरू झाली. खिडक्यांची सावली गेली. खालची पारदर्शक पट्टी काळी पडली. खिडकी सरकवली की चित्र फाटल्यासारखं दिसतं, पंखा घरघर करतो. तालुक्याच्या एका दुकानदारानं सरळ सांगितलं, "ग्राफिक्स गेलं, नवीन मशीन घ्या." अशा तीन तक्रारी माझ्यापर्यंत आल्या. तिन्ही मशीन आज चालू आहेत. नवीन एकही घ्यावं लागलं नाही.

होतं काय ते समजून घ्या. पडद्यावर खिडक्या, सावल्या, हलणारी चित्रं एकावर एक रचायचं काम कंपोझिटर नावाचा प्रोग्रॅम करतो. त्याला ग्राफिक्स कार्डाची साथ लागते आणि कार्डाशी बोलायला ड्रायव्हर लागतो. इंटेलच्या चिपचा ड्रायव्हर बहुतेक लिनक्समध्येच येतो. एनव्हिडियाचा कंपनीचा ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो आणि कर्नल बदललं की त्याला नव्या कर्नलशी परत जुळवून घ्यावं लागतं. तिथं गाडी अडली की एकतर पडदाच काळा होतो, नाहीतर चित्र काढायचं सगळं ओझं प्रोसेसरवर पडतं. म्हणजे ट्रॅक्टर बंद पडल्यावर बैलाला ट्रॉली ओढायला लावल्यासारखं. तुमच्या फायली मात्र जागच्या जागी असतात. म्हणून पहिला नियम: फॉरमॅट मारू नका.

आता क्रमानं बघा. सिस्टीमच्या माहितीत ग्राफिक्सच्या ओळीत "एलएलव्हीएमपाइप" दिसलं, तर कार्ड झोपलंय आणि प्रोसेसर राबतोय. मशीन परत सुरू करा, बूटच्या यादीत "ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स" मध्ये जुनं कर्नल निवडा. त्यात सगळं नीट चाललं तर दोष कार्डात नाही, ड्रायव्हर आणि नव्या कर्नलच्या जुळणीत आहे. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडून शिफारस केलेला ड्रायव्हर परत बसवा. सिक्युअर बूट चालू असेल तर तेही तपासा, सही नसलेला ड्रायव्हर ते आत येऊ देत नाही. कार्ड फार जुनं असेल तर कंपनीनंच हात वर केलेले असतात. एनव्हिडियानं ३९० मालिकेचा ड्रायव्हर २०२२ च्या शेवटी सोडून दिला. तिथं नूव्हो हा मुक्त ड्रायव्हर लावायचा.

ड्रायव्हर ठीक असेल तर नवीन युजर तयार करून त्यात शिरा. तिथं इफेक्ट दिसले तर तुमची जुनी थीम किंवा एक्स्टेन्शन आडवं आलंय. आणि कधी कधी इफेक्ट बिघडलेला नसतो, काढूनच टाकलेला असतो. केडीई वापरणाऱ्यांचा आवडता फिरणारा क्यूब २०२१ मध्ये काढला होता, तो फेब्रुवारी २०२४ च्या प्लाझ्मा ६ मध्ये परत आला. आणि काहीच जमलं नाही तर इफेक्ट बंद करा. सातबारा सावलीशिवायही निघतो.

आता खरा मुद्दा. "लिनक्स फालतू आहे" म्हणून लोक परत चोरीच्या विंडोजकडे चाललेत. मला विचाराल तर बिघाड लिनक्सचा कमी आणि आपल्याकडं दुरुस्त करणारा माणूस नसण्याचा जास्त आहे. केरळनं शाळांत लिनक्स वापरलं. तिथल्या "काईट" संस्थेनं २०१९ मध्ये २ लाखांवर शाळा-संगणकांसाठी लिनक्सची नवी आवृत्ती आणली आणि ३००० कोटी रुपये वाचल्याचं सांगितलं. पण त्यांनी नुसतं सॉफ्टवेअर वाटलं नाही. शिक्षकांना शिकवलं, २०१८ पासून "लिटल काईट्स" नावानं शाळेशाळेत पोरांचे गट उभे केले. आपल्याकडं केंद्र सरकारचं मुक्त सॉफ्टवेअरचं धोरण २०१५ पासून कागदावर आहे. देशातल्या जिल्हा-तालुका न्यायालयांत उबुंटू वापरलं जातंय. कोर्टाला चालतं ते शाळेला का चालू नये?

लिनक्स म्हणजे रामबाण उपाय आहे असं मी म्हणत नाही. अंगठ्याची काही यंत्रं, डिजिटल सहीची काही टोकन विंडोजवरच नीट चालतात. पेपरची पानं लावायचे आमचे जुने फॉन्ट आणि सॉफ्टवेअरही तसेच. सेवा केंद्रवाल्यांनी आधी आपली यंत्रं जोडून बघावीत, मगच बदलावं. पण शाळेतलं टायपिंग, चित्रं, इंटरनेट, हिशेब याला अडचण काय आहे?

माझं म्हणणं एवढंच. एक, घाईनं अपग्रेड करू नका. मिंट २१ ला एप्रिल २०२७ पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत, मिंट २२ ला २०२९ पर्यंत. दोन, अपग्रेडच्या आधी टाइमशिफ्टमध्ये स्नॅपशॉट घ्या आणि फायली वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा. तीन, दहा मशीन असतील तर आधी एकावर करून आठ दिवस बघा. चार, शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत पालकांनी विचारावं: बंद पडलेले संगणक किती, ते कोणी तपासले, आणि दुरुस्ती शिकायला दोन पोरं कधी पाठवताय? नव्या खरेदीचा ठराव त्यानंतर.

ज्यांच्या मशीनची सावली गेलीय त्यांनी कमेंटमध्ये लिनक्सची आवृत्ती, ग्राफिक्स कार्डाचं नाव आणि जुन्या कर्नलवर काय दिसतं ते लिहा. नुसतं "चालत नाही" लिहू नका, त्यावरून डॉक्टरलाही औषध देता येत नाही.