ताक जरूर प्या, पण गोळी सोडू नका

दोन महिन्यांपूर्वी बाह्यरुग्ण विभागात साठी ओलांडलेले एक गृहस्थ आले. पाच वर्षांपासूनचे आमचे रुग्ण, तारखेला न चुकता येणारे. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब भरला १७८/१०४. दहा मिनिटे बसवून पुन्हा मोजला, तरी फारसा फरक नाही. ‘काका, गोळी चालू आहे ना?’ असे विचारताच त्यांनी पिशवीतून प्रथिनांच्या पावडरीचा डबा काढून टेबलावर ठेवला. ‘डॉक्टरसाहेब, यात पेप्टाइड आहेत. गोळी जे करते तेच करतात म्हणे, आणि नैसर्गिक आहे, त्यामुळे अपाय नाही. महिना झाला गोळी सोडून.’ गोळी त्यांना आमच्याकडे मोफत मिळते. डब्यासाठी त्यांनी पेन्शनमधून पैसे मोजले होते.

काकांना सांगितले गेले ते सगळेच खोटे नव्हते. अडचण तिथेच आहे. निव्वळ थाप असती तर ती खोडणे सोपे होते.

प्रथिने म्हणजे अमिनो आम्लांच्या लांबच लांब साखळ्या. दुधाचे दही होताना जिवाणू या साखळ्यांचे बारीक तुकडे करतात. आपल्या जठरात आणि आतड्यातही तेच घडते. या तुकड्यांना पेप्टाइड म्हणतात. आपल्या शरीरात ‘एसीई’ नावाचे एक विकर असते. ते अँजिओटेन्सिन-२ हा पदार्थ तयार करते आणि त्यामुळे रक्तवाहिन्या आवळल्या जातात, दाब वाढतो. अन्नातील काही पेप्टाइड या विकराला अडवतात, हे प्रयोगशाळेत अनेकदा दिसले आहे. एनालाप्रिल, रॅमिप्रिल या गोळ्याही याच विकराला अडवतात.

या गोळ्यांचा जन्मच एका पेप्टाइडमधून झाला. ब्राझीलमधील जराराका या विषारी सापाच्या विषात रक्तदाबाशी संबंधित पेप्टाइड आहेत, हे सर्जिओ फेरेरा यांनी १९६५ साली दाखवले. पुढे त्यांतील एक पेप्टाइड रुग्णांना देऊन पाहिले, दाब उतरला. पण ते शिरेतूनच द्यावे लागे, कारण पोटातून दिले की पाचकरस त्याचे तुकडे करून टाकत. म्हणून कुशमन आणि ओंडेट्टी या अमेरिकेतील संशोधकांनी पचनात टिकेल असा छोटा रेणू घडवला. तो कॅप्टोप्रिल. १९८१ साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. म्हणजे ‘पेप्टाइड पोटात टिकत नाही’ या अडचणीवर मात केली, तेव्हा कुठे गोळी तयार झाली.

अन्नातील पेप्टाइडपुढे हीच अडचण आजही उभी आहे. दोन-तीन अमिनो आम्लांचे तुकडे आतड्यातून शोषले जाऊ शकतात, पण रक्तात पोहोचणारे त्यांचे प्रमाण अत्यल्प असते. शिवाय प्रयोगशाळेत मोजले तर त्यांची ताकद कॅप्टोप्रिलच्या तुलनेत शेकडो पटींनी कमी भरते.

सर्वाधिक अभ्यास झाला तो जपानमधील आंबवलेल्या दुधाचा. एका विशिष्ट जिवाणूने विरजलेल्या या दुधातून १९९०च्या दशकात तीन-तीन अमिनो आम्लांचे दोन पेप्टाइड वेगळे करण्यात आले. सुरुवातीच्या जपानी चाचण्यांत दाब चांगला उतरलेला दिसला. युरोपातील चाचण्यांत मात्र सिस्टोलिक, म्हणजे वरचा दाब, जेमतेम एखाद्या मिलिमीटरने हलला, काही ठिकाणी तेवढाही नाही. सगळ्या चाचण्या एकत्र करून काढलेली सरासरी घट ३ मिलिमीटरच्या आसपास येते. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तर रक्तदाबाबाबतचा हा दावा सिद्ध झालेला नाही, असाच निर्वाळा दिला.

३ मिलिमीटर ही अगदीच टाकाऊ गोष्ट नाही. पण नेहमीच्या मात्रेतील एक गोळी वरचा दाब सरासरी ९ मिलिमीटरने उतरवते, आणि पक्षाघात व हृदयविकाराचे झटके गोळ्यांमुळे कमी होतात हे हजारो रुग्णांवर सिद्ध झाले आहे. पेप्टाइडबद्दल असा पुरावा नाही. १७८चा दाब ३ने उतरला तर १७५ होईल. मेंदूतील रक्तवाहिनीला त्याने काय दिलासा मिळणार? आणि काकांच्या डब्यावर कोणते पेप्टाइड, किती प्रमाणात, हेही कुठे छापलेले नव्हते.

मग आहाराला अर्थ नाही का? जरूर आहे. भाज्या, फळे, कमी स्निग्धांशाचे दूध-दही असा संपूर्ण आहार बदलल्यावर उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा दाब सुमारे ११ मिलिमीटरने उतरल्याचे अमेरिकेतील ‘डॅश’ चाचणीने १९९७ साली दाखवले. श्रेय ताटाचे होते, एखाद्या कणाचे नव्हे. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपले लोणचे, पापड, फरसाण, ठेचा हा हिशेब दुपारीच संपवून टाकतात. ताक उत्तमच, पण त्यात सढळ हाताने मीठ टाकले की पेप्टाइडचा जो काही फायदा असेल तो पेल्यातच बुडाला म्हणून समजा.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयसीएमआर-इंडियाब’ पाहणीनुसार देशातील सुमारे ३५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे. एवढी मोठी बाजारपेठ कोण सोडेल? औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या १९५४च्या कायद्यात जे आजार बरे करण्याची जाहिरात करता येत नाही, त्यांच्या यादीत रक्तदाबही आहे. पण ‘औषध’ हा शब्द टाळून ‘पूरक आहार’ म्हटले आणि उरलेले विक्रेत्याने तोंडी सांगितले, की कायदा हात चोळत बसतो. अन्न व औषध प्रशासनाने या पळवाटेकडे लक्ष द्यायला हवे.

दोष आमचाही आहे. दुखत-खुपत नसताना गोळी रोज का घ्यायची, हे काकांना पाच वर्षांत आम्ही नीट सांगितले नव्हते. रांग मोठी, वेळ दोन मिनिटांचा. डबा विकणाऱ्याने मात्र त्यांना अर्धा तास दिला. काकांनी त्याच्यावर विश्वास ठेवला यात नवल ते काय?

त्या दिवशी रांग थांबवून मी त्यांना गोळीचे काम समजावले. गोळी पुन्हा सुरू झाली आणि मागच्या भेटीत दाब १३८/८६ भरला. तुमच्याही घरात कुणी असा डबा आणला असेल तर भांडू नका. गोळी चालू आहे का, एवढे आधी विचारा. बंद असेल तर आजच डॉक्टरांकडे घेऊन या, डब्यासकट.